सुईणीची जबानी

रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली की कोण आले आहे एवढे विचारायचे आणि लगोलग निघायचे, हा ज्या थोड्या व्यवसायांचा धर्म मानला गेला त्यांत सुईणीचा व्यवसाय सर्वांत जुना असावा. वैद्याला उद्या येतो असे म्हणता येते, भिक्षुकाला मुहूर्त पाहता येतो. सुईणीला तशी सवड नाही. बाई अडली आहे, एवढे शब्द कानावर पडले की बाहेर पाऊस आहे, रस्ता काळोखाचा आहे, बोलावणारा माणूस अनोळखी आहे, या साऱ्या सबबी फोल ठरतात. हे मर्म दुर्जनांनीही ओळखले होते. बाळंतपणाचे खोटे निमित्त सांगून सुईणीला घराबाहेर काढावयाचे आणि मग तिला लुबाडावयाचे, अशा गुन्ह्याची नोंद जुन्या फौजदारी खटल्यांच्या इतिहासात आहे. ज्या गुणामुळे समाजाला सुईण हवी असते त्याच गुणाचा येथे सापळा केलेला असतो. साध्या वाटमारीपेक्षा हा गुन्हा अधिक हीन वाटतो तो त्यामुळेच.

परंतु सुईणीजवळून लुबाडण्याजोगे काय असते? चार नाणी, एखादी अंगठी, अंगावरचे वस्त्र. याहून मोलाची अशी एक वस्तू तिच्यापाशी असते, ती म्हणजे तिने बंद खोलीत जे पाहिले त्याची साक्ष. ही साक्ष तिच्याकडून कशी काढून घेतली जाते, हे ज्यात स्पष्ट दिसते असे एक प्रकरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचे हे प्रकरण ‘लिटलकोटचे प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. इंग्रजी लोककथांच्या वाचकांना ते ठाऊक असेल, परंतु ते ज्या रूपात ठाऊक आहे ते रूपच तपासून पाहण्यासारखे आहे.

बर्कशर परगण्यातील ग्रेट शेफर्ड या गावी बार्न्स नावाची एक सुईण राहत असे. लोक तिला मदर बार्न्स म्हणत. 1575च्या सुमारास एका रात्री दोन स्वार तिच्या दाराशी आले. एका प्रतिष्ठित घरचे बोलावणे आहे, बाईंचे दिवस भरले आहेत, असे त्यांनी सांगितले. ती निघाली. घोड्यावरून पुष्कळ वेळ प्रवास झाल्यावर तिला एका मोठ्या घरात नेण्यात आले. पलंगावर एक स्त्री होती. तिचा चेहरा झाकलेला होता. काळ्या मखमलीचा पायघोळ झगा घातलेला एक गृहस्थ तेथे होता. बाई सुखरूप सुटली तर मोठे बक्षीस मिळेल, तिचे काही बरेवाईट झाले तर तुझेही प्राण जातील, अशा अर्थाचे त्याने सुईणीला सुनावले. मूल झाले. त्याला गुंडाळण्यासाठी सुईणीने कपडे मागितले. कपडे नव्हते. येणाऱ्या मुलासाठी त्या संपन्न घरात एक फडकेही काढून ठेवलेले नव्हते, ही गोष्ट तिला तेव्हाच बरेच काही सांगून गेली असेल. तिने आपल्याच एप्रनमध्ये मुलाला गुंडाळले. मग तिला शेजारच्या खोलीत नेले. तेथे मोठा जाळ केलेला होता. मूल त्या आगीत टाकण्याची आज्ञा झाली. सुईणीने गुडघे टेकून विनवणी केली, की हे मूल मला द्या, मी ते माझे म्हणून वाढवीन, कोणाला कळू देणार नाही. विनवणी मानली गेली नाही आणि ते मूल आगीत गेले. पुढे तिला तिच्या गावी पोचवण्यात आले.

अँथनी ब्रिजेस नावाच्या स्थानिक दंडाधिकाऱ्याने तिची जबानी लिहून घेतली. ती मृत्युशय्येवरची समजली जाते. वर दिलेली हकीगत तिच्यातलीच आहे. तिच्यात काय आहे याच्याइतकेच तिच्यात काय नाही हेही पाहिले पाहिजे. त्या घराचे नाव तिच्यात नाही. मखमलीचा झगा घातलेल्या गृहस्थाचे नाव नाही. बाळंतिणीचे नाव नाही. जे पाहिले ते तिने सांगितले, जे ठाऊक नव्हते ते सांगितले नाही. सूड घेण्याची इच्छा असती किंवा कोणी पढवलेले असते तर नाव घेणे कठीण नव्हते, कारण त्या भागात ज्याच्याविषयी कुजबुज चालू होती तो मनुष्य सर्वांना माहीत होता. साक्षीदाराने कसे बोलावे याचे उदाहरण म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे ही जबानी ठेवावी, इतकी ती संयमी आहे.

कुजबुज होती ती लिटलकोटच्या विल्यम डॅरेलविषयी. विल्टशर आणि बर्कशर यांच्या सीमेवर हंगरफर्डजवळ त्याचा वाडा होता. मनुष्य मानी, भांडखोर, कर्जात बुडालेला आणि शेजाऱ्यांशी अखंड कोर्टकज्जे करणारा. सर वॉल्टर हंगरफर्ड या सरदाराने आपल्या पत्नीवर व्यभिचाराचा आणि विषप्रयोगाचा आरोप केला होता, त्यात तिचा प्रियकर म्हणून याच डॅरेलचे नाव घेतले होते. ते प्रकरण न्यायालयात टिकले नाही. बाई निर्दोष ठरल्या आणि खर्चाची रक्कम देण्याचे नाकारल्यामुळे उलट सर वॉल्टरनाच तुरुंगाची वाट धरावी लागली. खानदानी स्त्रीला आपली बाजू मांडता येत होती, तिच्यासाठी वकील उभे राहत होते, हे येथे लक्षात ठेवावे.

सुईणीच्या हकीगतीचा धागा डॅरेलशी जोडणारा एक कागद आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात लाँगलीट येथील दप्तरात सापडला. 1579च्या जानेवारीत सर हेन्री नीवेट यांनी लाँगलीटचे सर जॉन थिन यांना लिहिलेले हे पत्र आहे. थिन यांच्याकडे असलेल्या बॉनम नावाच्या गृहस्थाची बहीण डॅरेलच्या घरी राहत होती. बॉनमने आपल्या बहिणीकडे चौकशी करावी, तिला तेथे कसे वागवले गेले, तिला किती मुले झाली आणि त्या मुलांचे पुढे काय झाले हे विचारावे, कारण एका मुलाच्या हत्येची वदंता फार वाढत चालली आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. प्रश्न नेमके होते आणि ज्या स्त्रीला उत्तरे ठाऊक असणार तिलाच ते विचारावयाचे होते. पण पुढे काय झाले? डॅरेलवर या हत्येचा खटला चालल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. तो 1589 साली मरण पावला, तोवर लिटलकोटचा वाडा त्याच्याच नावावर होता.

येथवर इतिहास झाला. लोककथा येथून पुढे सुरू होते.

सतराव्या शतकातील जॉन ऑब्रे हा बहुश्रुत आणि गप्पिष्ट चरित्रकार. त्याने ही हकीगत सर जॉन पॉपम या न्यायाधीशाच्या टिपणात दिली आहे. ऑब्रेच्या म्हणण्याप्रमाणे सुईणीला डोळे बांधून नेण्यात आले, परत आल्यावर तिने आपल्या अंदाजाने ते घर ओळखले, डॅरेलवर खटला झाला आणि पॉपमने लिटलकोटचा वाडा लाच म्हणून घेऊन त्याचा जीव वाचवला. गोष्ट चटकदार आहे. फक्त सनावळी तिच्या आड येते. पॉपम मुख्य न्यायाधीश झाला तो 1592 साली, म्हणजे डॅरेलच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. वाडा पॉपमकडे गेला हे खरे, परंतु तो डॅरेलच्या हयातीतच झालेल्या व्यवस्थेनुसार गेला. डॅरेलच्या असंख्य दाव्यांत पॉपमसारखा वजनदार कायदेपंडित पाठीशी असणे त्याच्या सोयीचे होते, एवढा अर्थ त्यातून निघतो. पॉपमची थोरवी सांगण्याचे येथे कारण नाही. सर वॉल्टर रॅलेवरच्या 1603च्या खटल्यात तो न्यायासनावर होता आणि त्या खटल्याविषयी इंग्रजांनीच पुढे फारसे चांगले लिहिलेले नाही. पण या एका पापाचा भागीदार म्हणून त्याला उभे करता येत नाही.

ऑब्रेनंतर कथा वाढतच गेली. आता सुईण केवळ डोळे बांधून नेलेली अशी बापडी स्त्री राहिली नाही. बाळंतिणीच्या पलंगाशी बसलेली असताना तिने कोणाच्या लक्षात न येता पडद्याचा एक तुकडा कापून घेतला आणि पुन्हा शिवून टाकला. परतताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. पुढे अधिकाऱ्यांनी लिटलकोटच्या खोलीत जाऊन पाहिले तो पडद्याचा तुकडा बरोबर बसला आणि पायऱ्यांची संख्याही जुळली. हे सर्व सर वॉल्टर स्कॉटने 1813 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोकबी’ या काव्याच्या टिपांत नोंदले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगभर पसरवले. मूळ जबानीत डोळ्यांवरची पट्टी नाही, पडद्याचा तुकडा नाही आणि पायऱ्यांचा हिशेबही नाही.

लोककथेत भर पडतेच, त्यात नवल काय, असे कोणी म्हणेल. भर पडते हे खरे, परंतु ती कोठे पडली हे महत्त्वाचे आहे. ती नेमकी पुराव्याच्या ठिकाणी पडली आहे. अडीचशे वर्षे ही कथा सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांना असे वाटत राहिले, की एका खेडवळ सुईणीने ‘मी पाहिले’ असे म्हटल्याने भागत नाही. तिच्या हातात काहीतरी असले पाहिजे. म्हणून त्यांनी तिच्या हातात पडद्याचा तुकडा दिला. तिच्या बाजूने बोलण्याच्या सद्भावनेनेच दिला असेल. पण त्या नादात तिच्या स्वतःच्या हकीगतीतला एप्रन मात्र सांगणाऱ्यांच्या हातून निसटला. वास्तविक त्या खोलीत पूर्वनियोजित खून होणार होता हे सिद्ध करणारी गोष्ट होती ती हीच, की मुलासाठी कपडे आणलेले नव्हते. पडद्याचा तुकडा फार तर घर ओळखून देतो; कपड्यांचा अभाव हेतू सांगतो. ज्या बाईने आयुष्यभर बाळंतपणे केली तिलाच हा अभाव प्रथम जाणवणार आणि तिनेच तो नोंदवला. न्यायशास्त्र न शिकलेल्या स्त्रीने मुद्द्याचा पुरावा दिला होता, आणि शिकलेल्यांनी तो टाकून देऊन रहस्यकथेतला पुरावा घेतला.

स्कॉटने तर याहून एक पाऊल पुढे टाकले. टिपांत त्याने सुईण ठेवली, पण ‘रोकबी’मधल्या या प्रसंगावरच्या गीतात सुईणच नाही. तिच्या जागी एक धर्मगुरू आहे. डोळे बांधून त्याला वाड्यात आणतात ते मरणाच्या दारी असलेल्या बाईचा पापोच्चार ऐकण्यासाठी. काव्याच्या भारदस्तपणाला प्रसूतीचे काम आणि ते करणारी बाई शोभणारी वाटली नसावी. असो. कवीला स्वातंत्र्य असते. तथापि जिने गुडघे टेकून मूल मागितले होते तिला काव्यात जागा मिळाली नाही आणि ती तळटिपेत राहिली, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

कायद्याने आणि धर्मसत्तेने तरी या स्त्रियांना काय दिले होते? एलिझाबेथच्या काळी इंग्लंडात सुईणींना परवाना देण्याचा अधिकार बिशपांकडे होता आणि परवान्याबरोबर शपथ घ्यावी लागे. 1567 साली एलिनॉर पीड नावाच्या सुईणीने कँटरबरीच्या आर्चबिशपपुढे घेतलेली शपथ उपलब्ध आहे. गरीब आणि श्रीमंत अशा दोन्ही स्त्रियांच्या मदतीला मी सारखीच धावेन, एकीचे मूल दुसरीच्या कुशीत ठेवू देणार नाही, खऱ्या बापाऐवजी दुसऱ्याचे नाव लावू देणार नाही, मुलाला इजा होऊ देणार नाही, जादूटोणा करणार नाही, असे तिच्याकडून वदवून घेतले होते. पुढच्या शतकातील शपथेत तर असेही कलम आले, की कोणत्याही स्त्रीची प्रसूती गुप्तपणे होऊ देणार नाही, खोलीत दोन-तीन दिवे सदैव तयार ठेवीन. मदर बार्न्सने अशी शपथ घेतली होती की नाही हा प्रश्न गौण आहे. राज्याची आणि चर्चची अपेक्षा काय होती ती या शब्दांतून दिसते. बंद खोलीत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्यांनी सुईणीवर टाकली. मात्र खोलीच्या दाराशी तलवार घेतलेला धनी उभा असेल तर तिने काय करावे, तिच्या जिवाचे रक्षण कोण करील, याविषयी त्या शपथेत एक अक्षर नाही. दिवे तयार ठेवावेत, एवढे मात्र आहे.

सुईणीच्या शब्दाला त्या समाजात कधी किंमतच नव्हती असे समजणे चूक ठरेल. एका बाबतीत तिचा शब्द तत्काळ मानला जाई. 1576च्या कायद्याने अनौरस मुलाच्या पोषणाचा भार त्याच्या आईबापांवर टाकण्याचा अधिकार स्थानिक न्यायाधीशांना दिला होता. नाहीतर तो खर्च गावाच्या गरीबफंडावर पडे. म्हणून अविवाहित स्त्री कळा देत असताना सुईणीने तिला बापाचे नाव विचारावयाचे, असा प्रघात पडला. वेदनेच्या ऐन क्षणी बाई खोटे बोलणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. कोणी नाव सांगेपर्यंत मदत रोखून धरत. हे नाव पुढे सुईणीने न्यायाधीशाला कळवले की ते प्रमाण. गावाचा पैसा वाचवावयाचा असेल तेव्हा सुईण विश्वासार्ह साक्षीदार होती.

इंग्रज वसाहतवाल्यांनी ही पद्धत अटलांटिकपलीकडे नेली, आणि तेथे एका सुईणीने स्वतःच्या हाताने ठेवलेली रोजनिशी आपल्याला मिळते. आजच्या मेन राज्यातील हॅलोवेल गावची मार्था बॅलर्ड 1785 ते 1812 अशी सत्तावीस वर्षे रोज चार ओळी लिहीत राहिली. लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासकार बाईंनी 1990 साली या रोजनिशीवर ग्रंथ लिहीपर्यंत ती क्षुल्लक घरगुती टिपणे म्हणून दुर्लक्षिली गेली होती. मार्थाने आठशेहून अधिक बाळंतपणे केली. 1791 साली सॅली पिअर्स नावाच्या मुलीचे बाळंतपण करताना तिने नियमाप्रमाणे बापाचे नाव विचारले, आणि मुलीने मार्थाच्याच मुलाचे, जोनाथनचे, नाव घेतले. मार्थाने ते नोंदवले. पुढे दोघांचे लग्न झाले. स्वतःच्या मुलाविरुद्ध जाणारी गोष्टही ही बाई लपवीत नव्हती.

याच मार्थाला एक वर्ष आधी, 1790 साली, एका वेगळ्या खटल्यात साक्षीला जावे लागले होते. धर्मोपदेशकाच्या पत्नी रिबेका फॉस्टर यांनी जोसेफ नॉर्थ या गृहस्थावर बलात्काराचा आरोप केला होता, आणि नॉर्थ हा स्वतःच न्यायाधीश होता. रिबेका बाईंनी आपल्यावर काय गुदरले ते मार्थाला आधीच सांगितले होते, म्हणून तिची साक्ष महत्त्वाची. ती गेली, बोलली. नॉर्थ सुटला. लोकांना या निकालाचे मोठे आश्चर्य वाटले, अशी नोंद मार्थाने केली आहे. स्वतःला काय वाटले ते तिने लिहिलेले नाही. बापाचे नाव सांगणारी सुईण आणि न्यायाधीशाविरुद्ध बोलणारी सुईण एकच होती. तिच्या प्रामाणिकपणात तेवढ्या काळात फरक पडला नव्हता. फरक होता तो आरोपीच्या पायरीत.

आता इंग्लंडकडे परत येऊ. लिटलकोटनंतर अर्धशतकाने, 1624 साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने नवजात अर्भकांच्या हत्येविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख कोणावर होता? मखमलीच्या झग्यावर खचितच नव्हता. अविवाहित स्त्रीने मुलाचा जन्म आणि मृत्यू लपवला तर तिनेच ते मारले असे गृहीत धरावयाचे आणि तिला देहांताची शिक्षा द्यावयाची. मूल मेलेलेच जन्मले हे सिद्ध करावयाचे असेल तर निदान एक साक्षीदार तिनेच आणावयाचा. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करावयाचा असतो, येथे निरपराधित्व बाईने सिद्ध करावयाचे. हा कायदा 1803 पर्यंत टिकला. तो रद्द झाल्यावर जन्म लपवण्याच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवण्यात आली, आणि हीच दोन वर्षे आपल्याकडच्या भारतीय दंड संहितेच्या 318व्या कलमात आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते 94वे कलम आहे. कलमाचे शब्द कोणालाही लागू पडतील असे आहेत. व्यवहारात पोलीस प्रथम कोणाला शोधतात, हे वाचकांस सांगावयास नको.

या वारशाची झळ आपल्याकडे कशी लागली ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. त्या मुलाच्या बापाचे नाव कोणत्याही न्यायाधीशाला हवेसे वाटले नाही. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अधःपाताविषयी जी मुक्ताफळे उधळली गेली त्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून जे उत्तर दिले, त्याची धार अजून बोथट झालेली नाही. त्याच्याही आधी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले होते. विधवांनी यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशा सूचना त्यांनी लावल्या. लिटलकोटलाही गुप्तता होती आणि पुण्यालाही होती. तेथे चेहरा झाकला होता तो धन्याची अब्रू राखण्यासाठी. येथे नाव झाकले गेले ते आई आणि मूल या दोघांचा जीव राखण्यासाठी. मदर बार्न्सने आगीसमोर जे मागितले होते, की हे मूल मला द्या, मी वाढवीन, ते फुले दांपत्याने न मागता दिले आणि अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपले नाव दिले.

हा सर्व भूतकाळ झाला असे मानून समाधान करून घेता आले असते तर बरे झाले असते. 1996 साली अमिताभ पराशर या पत्रकाराने बिहारच्या कटिहार जिल्ह्यातील ग्रामीण दायांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या. त्या दायांनी कबूल केले, की घरच्यांच्या दडपणाखाली त्यांनी नवजात मुलींना मारले आहे. दार लावून घेऊन घरातली माणसे काठ्या घेऊन मागे उभी राहत, आधीच्या मुली आहेत, हुंड्याने बुडू, आताच काय ते कर, असे सांगत. दाई गरीब आणि खालच्या मानलेल्या जातीची; नाही म्हटले तर गावात राहणे कठीण. मुलाखती पुढे कित्येक वर्षे पडून राहिल्या आणि बीबीसीच्या 2024मधील चित्रपटातून जगापुढे आल्या. त्या चित्रपटातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका समाजसेविकेने या दायांना धीर दिल्यावर त्यांच्यापैकी काहींनी मुली मारण्याऐवजी तिच्या हवाली करण्यास सुरुवात केली, आणि त्या मुली वाचल्या. शिक्षेचे भय दाखवणारे कायदे होतेच. त्यांनी जे साधले नाही ते पाठीशी एक माणूस उभे राहिल्याने साधले.

आज बाळंतपणे बहुतांशी रुग्णालयांत होतात. रात्री कडी वाजते ती आता आशा कार्यकर्तीच्या दारावर. 2005 साली सुरू झालेल्या या योजनेत तिला नोकर न म्हणता स्वयंसेविका म्हणतात आणि पगाराऐवजी मानधन व कामागणिक मोबदला देतात. तीही एलिनॉर पीडसारखीच गरीब-श्रीमंत न पाहता निघते. कोणाच्या घरी तिसऱ्या मुलीनंतर काय घडले, कोणत्या दवाखान्यात कोण कशासाठी जाऊन आले, हे गावात प्रथम कळते ते तिला आणि रुग्णालयातल्या आयेला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली देशात प्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा 1994 साली झाला. दोन्हींच्या अंमलबजावणीत साक्षीदार मिळत नाहीत ही तक्रार जुनीच आहे. मिळतील कसे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण तिच्यातील गुन्ह्याची व्याख्या पाहिली तर ती देहान्त, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्यापुढील शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि स्त्रीच्या विनयभंगाशी संबंधित काही कलमांना लागू आहे. गर्भलिंगनिदानाच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्या खेपेस पाच. जन्म लपवण्याला दोन. म्हणजे या बाबतीत तोंड उघडणारी आशा किंवा आया त्या योजनेच्या दारातच अडते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 398व्या कलमाने प्रत्येक राज्याला आपली साक्षीदार संरक्षण योजना करण्यास बजावले आहे. ती करताना शिक्षेच्या वर्षांची ही मर्यादा महाराष्ट्राने निदान या दोन गुन्ह्यांपुरती काढून टाकावी आणि अर्ज करण्यासाठी या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागणार नाहीत, तो तालुक्याच्या न्यायालयातच घेतला जाईल, अशी तरतूद करावी. ग्रेट शेफर्डच्या सुईणीची जबानी लिहून घ्यायला ब्रिजेस निदान तिच्या गावातच भेटला होता.